थॅक्सबरोचं गायरान

५ सप्टेंबर २००६, मंगळवार

पोचले एकदाची! साडेतीन तासांचा ड्राइव्ह, रस्ता एकदाच चुकले, आणि तोही सफरचंदं घ्यायला थांबले म्हणून. थॅक्सबरो म्हणजे पांढरं चर्च, लाल विटांचा टाऊन हॉल आणि सबंध गावात मिळून एकच सिग्नल. घरांच्या परसांना लागून, मधोमध पसरलेलं एक मोठं थोरलं गवताळ मैदान आहे. त्याच्यासाठीच मी आलेय. इथे त्याला 'कॉमन' म्हणतात. आपलं गायरानच ते. कुणा एकाचं नाही, सगळ्या गावाचं.

काम दहा आठवड्यांचं. उत्तरेकडचा तुकडा गावाला एका बिल्डरला विकायचाय, आणि त्याआधी कोर्टाने ताजी मोजणी मागितली आहे. अकरा हद्दीचे दगड आहेत. जीपीएस घेऊन त्यांच्यावरून फिरायचं आणि नकाशा काढायचा. थीसिसचा एक चॅप्टरही होऊन जाईल.

राहायला डॉक्टर एकनाथ सबनीसांकडे वरची खोली मिळाली. काका पंचाहत्तर साली या गावात डॉक्टर म्हणून आले, चार वर्षांपूर्वी रिटायर झाले. शुभाकाकूंनी दारात माझा हात धरला तो पोहे होईपर्यंत सोडला नाही. मुलगा पार पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला असतो, दोन वर्षांतून एकदा येतो. एकतीस वर्षांत या गावात कुणी फोन न करता त्यांच्याकडे आलेलं नाही, हे त्यांनी इतकं सहज सांगितलं की मला आधी तो विनोद वाटला.

खिडकीतून कॉमन दिसतं. सात नंबरचा दगड काकांच्या कुंपणापासून साठेक फुटांवर आहे, कंबरेएवढा, करडा. काका म्हणाले, "आमचा शेजारी. कधी त्रास नाही बिचाऱ्याचा."

८ सप्टेंबर, शुक्रवार

टाऊन हॉलमध्ये दिवस गेला. तिथल्या क्लार्क मार्जरी पेल बाई साठीच्या, गोड, लोकरीचं जाकीट घालून बसलेल्या. जुने कागद काढून देताना प्रत्येकाची गोष्ट सांगतात.

गाव वसवलं ते इंग्लंडमधल्या सफोक भागातल्या एकाच खेड्यातून आलेल्या तीस कुटुंबांनी. त्या खेड्याला शेकडो वर्षांचं गायरान होतं. गुरं चारायची, सरपण आणायचं, हंस सोडायचे, सगळ्यांचा हक्क. मग जमीनदाराने त्याला कुंपण घातलं आणि एका हिवाळ्यात या लोकांची गुरं मेली. मुलंही मेली, पेल बाई म्हणाल्या. इथे आल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं तर गायरान आखलं, आणि शपथ लिहून ठेवली. तो कागद मी पाहिला. जुनी इंग्रजी आहे, पण अर्थ साधा: या दगडांच्या आत जे जे आहे ते सगळ्यांचं, आणि आत कुणाचं काही वेगळं असणार नाही.

दर शरद ऋतूत गावकरी हद्दीवरून फिरायचे. प्रत्येक दगडाला एक माणूस पाठ लावून उभा राहायचा आणि मोठ्याने स्वतःचं नाव सांगायचा, म्हणजे कॉमनला कळावं की ते इथवर, याच्यापुढे आम्ही. इंग्लंडहून आणलेलीच चाल. शेवटचा फेरा अठ्ठ्याहत्तर साली निघायचा होता. त्यानंतर बंदच पडलं.

चॅप्टरची सुरुवात मिळाली. खूश आहे.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

पहिली मोजणी पुरी. तीन दिवस चालून पायांचे तुकडे पडलेत. चौथा दगड मिस्टर डन यांच्या लॉनला लागून आहे. म्हातारे एकटे राहतात. माझं एक पाऊल त्यांच्या गवतावर पडलं तर आतून ओरडत आले, की ही त्यांची जमीन आहे, कॉमन पलीकडे आहे, आणि मला वाचता येत नसेल तर पाटी पुन्हा बघावी. काकू म्हणतात, त्यांनी एकदा पोस्टमनलाही असंच पळवलं होतं.

जुन्या नकाशात क्षेत्र एकशे चाळीस एकर आहे, माझं आलं एकशे अठ्ठेचाळीस. आठ एकरांची चूक मोठी आहे, पण तेव्हा साखळीने मोजायचे, चढउतारावर साखळी काय सरळ राहणार. तशी टीप लिहिली.

२७ सप्टेंबर, बुधवार

कोर्टाच्या कामाला एक मोजणी पुरत नाही, म्हणून दुसरी केली. एकशे त्रेपन्न एकर.

विवेकला फोन केला. तो लॅबमधला माझा सीनियर, इन्स्ट्रुमेंटचा डॉक्टरच. म्हणाला, "यार, तू बेस स्टेशन चुकीचं लावलं असणार, डेटा पाठव." पाठवला. संध्याकाळी त्याचा फोन आला. डेटा क्लीन आहे, चूक दोन सेंटिमीटरच्या वर नाही. मग दगडच हलले का, असं तो हसत म्हणाला.

चौथा दगड पहिल्या मोजणीपेक्षा अकरा फूट बाहेर आहे. मी जाऊन पाहिलं. ओढल्याची खूण नाही, माती उकरलेली नाही. बुंध्याशी शेवाळ, गवताची मुळं दगडाला धरून. शंभर वर्षं तिथेच असावा तसा. आणि जिथे आधी होता तिथे खड्डा नाही. नुसतं गवत.

४ ऑक्टोबर, बुधवार

सांगलीला बाबांना फोन केला. बाबांची सगळी नोकरी मोजणी खात्यात गेली. ते म्हणाले, बांधाचे दगड रात्रीतून सरकतात, त्यांनी जन्मभर तेच पाहिलं, पण सरकवणारा माणूस असतो. त्याला शोध. मग म्हणाले, पण सरकवणारा नेहमी दगड गायरानात ढकलतो गं, गायरान खाण्यासाठी. तुझा उलटा कसा चाललाय?



परवा अकराही दगडांना बुंध्याशी नारिंगी रंगाचा पट्टा मारला आणि जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकल्या. आज पाहिलं. दगडांवर रंग आहे. खुंट्या आत, कॉमनच्या आत, सहा ते चौदा फुटांवर. अकराही दगड पुढे आलेत.

काकांना सांगितलं. ते पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही, बराच वेळ तेच पान धरून बसले.

११ ऑक्टोबर, बुधवार

आज चौथा दगड मिस्टर डन यांच्या घराच्या पुढच्या बाजूला होता. म्हणजे घर कॉमनच्या आत.

दार सताड उघडं. मी हाक मारली. आतून "कम इन" आलं, तीन-चार आवाजांत एकदम. स्वयंपाकघरात पाच माणसं बसली होती. शेजारच्या घरातली नवरा-बायको, त्यांची मुलगी, गॅस स्टेशनवरचा माणूस, आणि डन. डन यांच्या पायात दोन वेगळ्या माणसांचे बूट होते. मी म्हटलं, मिस्टर डन, तुम्ही ठीक आहात ना? पाचही जणांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाचही जणांनी मान हलवली.

मी पुन्हा त्यांचं नाव घेतलं. ते हसले. इतकं मोकळं हसू मी त्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. म्हणाले, "वी आर फाइन, डियर. वी आर ऑल फाइन."

ती मुलगी आठेक वर्षांची. तिला विचारलं, तुझी आई कोणती? तिने तिघा-चौघांकडे बघितलं, आणि डन यांच्याकडे बोट केलं. मग गॅस स्टेशनवाल्याकडे. मग माझ्याकडे.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी दोन वाजता, चांगल्या लख्ख उन्हात, कॉमनवर माणसं उभी आहेत. मी खिडकीतून मोजली, बावीस. एकमेकांपासून वीस-पंचवीस पावलांवर, तोंडं एकाच दिशेला. चरायला सोडलेली गुरं उभी राहतात तशी. मध्येच सगळी दोन पावलं पुढे येतात आणि थांबतात.

पोलिसांना फोन केला. एक अधिकारी आला, त्यांच्यात फिरला, बोलला. परत येऊन मला म्हणाला की त्यांना काही तक्रार नाही, आणि कॉमनवर कुणीही उभं राहू शकतं, तोच तर कॉमनचा अर्थ. त्यांच्यातल्या एक पेल बाई होत्या. जाकीट दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगात होतं.

संध्याकाळी काकांनी मला दिवाणखान्यात बोलावलं. काकू वर होत्या. काका जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते.

"अठ्ठ्याहत्तरला गावातले म्हातारे माझ्याकडे आले होते. सात नंबरच्या दगडाला ज्या घरातला माणूस उभा राहायचा ते घर निपुत्रिक झालं होतं. आम्ही सर्वांत जवळ. म्हणाले, डॉक्टर, तुम्ही उभे राहा, नुसतं नाव सांगायचं. सावनी, मी नाही म्हटलं. क्लिनिक आहे म्हटलं. मनात म्हटलं, ही यांची अंधश्रद्धा, आणि आपण यांच्यातले नाही, आपलं तिथे काय काम. अकरा माणसं झाली नाहीत म्हणून फेरा निघालाच नाही. मग म्हातारे एकेक करून गेले. त्यांची डेथ सर्टिफिकेटं मीच लिहिली."

मी विचारलं, पण तीस वर्षं काही झालं नाही, आता का? काका म्हणाले, कुणास ठाऊक. तो तुकडा विकायला निघाले म्हणून असेल. जमिनीला कुंपणाचं भय असेल.

साठ फुटांवरचा दगड आज बावीस फुटांवर आहे. काका रोज सकाळी टेप घेऊन जातात, हे मला आज कळलं.

२२ ऑक्टोबर, रविवार

काल लक्ष्मीपूजन झालं. दगड कुंपणाच्या आत आला, तुळशीच्या कुंडीपाशी. काकांनी बेलव्ह्यूला मुलाला फोन केला, बॅगा भरल्या, आज निघायचं ठरवलं. काकू म्हणाल्या, चकल्या तळून होऊ देत.

त्या तळत असताना मागचं दार उघडलं आणि ते आत आले. सहा-सात जण. टेबलाशी बसले. काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि बशा काढल्या. ते खात होते. कुणी बोलत नव्हतं. एका बाईने उठून काकूंच्या हातातला झारा घेतला आणि चकल्या उलटू लागली. अगदी नीट, आयुष्यभर केल्यासारखी.

मी काकूंना ओढून बाहेरच्या खोलीत आणलं. त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं घाबरल्या.

"अगं, एकतीस वर्षं गं," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणी न विचारता आत आलं."

आज निघालो नाही. काकू गाडीत बसायला तयार नाहीत.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

दगड मागच्या पायरीला टेकलाय. स्वयंपाकघराची भिंत आत की बाहेर, सांगता येत नाही. काकू सगळा वेळ स्वयंपाकघरात. काकांनी हाक मारली की आधी "ओ" द्यायच्या. आज दिली नाही. मी "काकू" म्हटलं तर त्यांच्या मागे बसलेल्या बायकांनीही मान वर केली.

दुपारी काकांना म्हणाल्या, आम्हाला चहा टाकायचाय, दूध आणा. काकांनी विचारलं, आम्हाला म्हणजे कुणाला? त्या विचारात पडल्या. खरंच विचारात पडल्या, आठवत नसल्यासारख्या. काका बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसले.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

काकू गेल्या. सकाळी अकराला. पायात चप्पल नाही, थंडी मरणाची. काका मागे धावले. मी त्यांना दगडापाशी धरलं, दोन्ही हातांनी धरलं, ते मला ढकलत होते. काकू शंभर पावलं गेल्या आणि इतरांसारख्याच थांबल्या. पाठमोऱ्या. काका नावाने हाका मारत राहिले. शुभा, शुभा. चाळीस माणसांनी मिळून एक पाऊल टाकलं.

काका म्हणाले, तू जा इथून, आत्ता जा. मी गाडी काढली. हायवेपर्यंत गेले. पंपावर पेट्रोल भरलं, कॉफी घेतली. इथून सरळ गेलं की तीन तासांत माझी खोली. विवेकला फोन केला, त्याने उचलला नाही. पार्किंगमध्ये अर्धा तास बसले. डोळ्यांसमोरून हलत नव्हतं, काका दगडापाशी एकटे, स्वेटरसुद्धा न घालता.

परत आले.

काका दगडाला पाठ लावून उभे होते. मोठ्याने म्हणत होते, मी एकनाथ वामन सबनीस. इथवर तुम्ही. याच्यापुढे मी.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

दगड हलला नाही! टेपने तीनदा मोजलं. पायरीपासून एक इंचही नाही. बाकी दहा पुढे गेलेत, हा नाही.

म्हणजे उभं राहिलं की थांबतं. रात्र आलटून पालटून काढली. खुर्ची नेली, ब्लँकेटं, थर्मास. बसलं तर चालतं, पाठ सुटता कामा नये. नाव सांगत राहायचं. मराठीत चालतं.

काका म्हणाले, अठ्ठ्याहत्तरला पाच मिनिटांचं काम होतं.

आणखी माणसं हवीत. चर्चमध्ये फोन लावला. पलीकडे खूप जण श्वास घेत होते.

२८ ऑक्टोबर, शनिवार

काकांना ताप आहे. पाऊस. तरी चार तास त्यांनी काढले. मी सहा. मी सावनी श्रीराम कवठेकर, मी सावनी श्रीराम कवठेकर. घसा बसला. पाठीमागून गवतात पावलं ऐकू येतात, वळून बघायचं नाही असं ठरवलंय.

दगड गरम लागतो. पावसातही. जनावराच्या कुशीसारखा.

दुपारी काकू बोलल्या. अगदी मागून, दगडाच्या पलीकडून. सावनी, ऊठ, जेवून घे, पानं वाढली आहेत. त्यांचाच आवाज. पण प्रत्येक शब्द वेगळ्या माणसाने उच्चारल्यासारखा.

मी नाव मोठ्याने म्हणत राहिले.

२९ ऑक्टोबर, रविवार

सकाळी सात. रात्री इथली उन्हाळी वेळ संपली, घड्याळं एक तास मागे. म्हणजे माझी पाळी एक तास जास्त.

काकांना नऊला यायचं होतं. दहा वाजले. हाका मारल्या. घरात दिवे आहेत, पावलं आहेत. खूप पावलं —

साडेदहा. पुढच्या दारातून आत शिरले ते. कळलं मला आता. बाकीचे दगड रस्त्याकडून फिरून आले. हा एकच अडवून काय. मी ज्याला पाठ लावून बसलेय तो आता हद्दीवर नाहीच. सगळीकडून आत —

काका दारात आले. हसले माझ्याकडे बघून. म्हातारा माणूस इतका हलका हसताना — काकूंचा हात धरलाय. की दुसऱ्या कुणाचा. माझं नाव घेतलं नाही. ये म्हणाले.

पाठ सोडायची नाही. लिहीत राहायचं. लिहिताना मी आहे.

मी सावनी. सावनी श्रीराम. आडनाव — गावावरून आहे. कवठ्यावरून. बाबा म्हणायचे आपलं मूळ गाव — बाबा सांगलीला आहेत, मोजणी खात्यात होते, त्यांचं नाव श्रीराम, ते माझे —

अकरा. कुणीतरी ब्लँकेट घातलं अंगावर. ऊब आहे. किती जण बसलेत जवळ. थंडी वाजत नाही आता कुणालाच.

नाव लिहायचं होतं. सावनी श्रीराम. श्रीराम म्हणजे बाबा. आपले बाबा. सगळ्यांचेच ते, आपल्या सगळ्या —